तुझ्या मालकाला म्हणावं

मी बुगडी बोलतेय. अणदूरच्या गोरोबांच्या दावणीला बांधलेली काळी शेळी. बोलतेय मी, पण लिहून काढतोय आमच्या घरचा समर्थ, मी काय म्हणत असेन ते आपल्या मनानं ओळखून. त्याची शाळा नववीतच सुटली. त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील, जोडाक्षरं मोडली असतील, तर त्याच्या वतीनं मीच आधी माफी मागते. शब्दही साधेच आहेत. एका शेळीला आणि समर्थला मिळून जेवढे येतात, तेवढे.

माझा जन्म नळदुर्गच्या पलीकडं, वीरप्पांच्या वस्तीवर झाला. आमच्या जातीच्या शेळीला जुळं होणं नवीन नाही, पण त्या खेपेला माझ्या आईला तीन करडं झाली. शेळीला सड दोनच. माझे दोघे भाऊ अंगानं दांडगे. ते आधी जाऊन लुचायचे आणि मी मागं उभी राहून ओरडायची. वीरप्पा म्हणाले, हे काही जगत नाही. त्यांची लेक करिश्मा तेव्हा बारावीचा अभ्यास करत होती. तिनं मला ओढणीत गुंडाळून चुलीपाशी नेलं आणि बाटलीनं दूध पाजलं. माझ्या काळ्या कानांच्या वरच्या कडेला पांढरा ठिपका आहे, बायका कानात बुगडी घालतात तसा. म्हणून तिनं मला बुगडी म्हटलं.

दूध पाजताना ती सारखी बोलायची. कॉलेजातलं, मैत्रिणींचं, आईच्या बोलण्याचं. माणसाचं बोलणं मला असं दुधाबरोबरच मिळालं. उलटं मात्र कधी झालं नाही. मी काय म्हणते ते आजवर कुणाला कळलेलं नाही. ह्या सगळ्या गोष्टीचं मूळ दुखणं तेच आहे.

आमच्याकडं लेकीला लग्नात एखादी शेळी आंदण देतात. वीरप्पांनी दावणीतली धिप्पाड शेळी निवडली होती, पण करिश्मानं माझंच दावं धरून ठेवलं. मग कपाट, भांडी आणि गाद्यांच्या मधे उभी राहून मीही टेम्पोतून सासरी आले.

सासर म्हणजे दोन खोल्या, पुढं पत्र्याचं शेड, आणि शेडात गोरोबांची शेरडं. गोरोबांचा पाय मोडला तेव्हा त्यांच्या मुलानं, म्हणजे करिश्माच्या नवऱ्यानं, समर्थनं शाळा सोडून शेरडं हातात घेतली ती घेतलीच. दिवसभर माळावर राहून त्याला माणसांची सवयच राहिली नव्हती. चार माणसांत बसला की तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरायचा. त्यातून त्या घरची रीत अशी, की थोरांसमोर नवरा-बायकोनं एकमेकांशी सरळ बोलायचं नाही. नाव घेणं तर लांबच.

लग्नानंतर थोड्याच दिवसांची गोष्ट. करिश्मा मला पाला चारत होती. समर्थ शेडाच्या तोंडाशी कुऱ्हाडीला दांडा बसवत होता आणि सासू-सासरे बाजेवर बसले होते. चहा होऊन बराच वेळ झाला होता. सांगायचं कसं? मग ती माझ्या कानाशी म्हणाली, पण त्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, “बुगडे, तुझ्या मालकाला म्हणावं, च्या गार व्हायलाय.”

समर्थनं इकडंतिकडं बघितलं. मग तोही मलाच म्हणाला, “तिला म्हणावं, आलोच.”

बानूबाई, म्हणजे समर्थची आई, तोंडाला पदर लावून हसल्या. “चांगलं हाय की तुमचं. आमच्या येळंला शेरडू बी नव्हतं. आमी भिंतीला सांगायचो.”

तेव्हापासून मी त्या दोघांमधली निरोपी झाले. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसं आमच्याकडं शेळीला बोललं की ते नवऱ्याला पोचायचं. तिला जोगवा मागायला तुळजापूरला जायचं होतं, ते त्याला माझ्याकडून कळलं. त्याला भाजीत दोडका आवडत नाही, हे तिला माझ्याकडून कळलं. मला मोठी मजा वाटायची. दोघांच्या हातचा पाला मिळायचा, आणि दोघं मला सांगताना हळूच एकमेकांकडं बघायचे.

एकदा सासू-सासरे लग्नाला गेले होते. घरात दोघंच. मला वाटलं, आज आपल्याला सुट्टी. दोघं चुलीजवळ बसली. बराच वेळ आतून भांड्याचाही आवाज आला नाही. मग समर्थ बाहेर आला, त्यानं माझं दावं सोडलं आणि मला नेऊन उंबऱ्याशी बांधलं. करिश्मा हसून हसून वाकली. मग बोलणं सुरू झालं, मला मधे धरून.

त्या दिवशी ते हसण्यावारी गेलं. पण हळूहळू ती सवयच झाली. मी नसले की दोघं तोंडात मूग धरून बसायची.

पुढच्या पावसाळ्यात मी गाभण राहिले. नवरात्राच्या सुमारास एका संध्याकाळी करिश्मा माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “बुगडे, तुझ्या मालकाला म्हणावं, आता दोघींचीबी काळजी घ्या. तू एकलीच न्हाईस.”

समर्थच्या हातात पाण्याची बादली होती. ती खाली पडली, सगळं पाणी माझ्या पायांवर.  दुसऱ्या दिवसापासून जड बादली तिच्या हातात दिसली नाही. माळावरून येताना तो बोरं आणायचा आणि अर्धी माझ्यापुढं टाकायचा. दोघींची काळजी असं तिनं सांगितलं होतं ना.

दिवाळी झाली आणि ते पोट राहिलं नाही. तिला दवाखान्यात नेलं, परत आणलं. बानूबाईंनी तिला चुलीजवळ निजवलं आणि डोक्यावरून हात फिरवत सांगितलं, की पहिला मोहर गळतोच, झाडानं त्याचं मनाला लावून घेऊ नये. गोरोबा दोन दिवस जेवले नाहीत. समर्थ मात्र गप्प. तो तिच्यासमोर जायचा, उभा राहायचा आणि पाण्याचा तांब्या ठेवून माघारी यायचा.

मग तो शेडात यायचा. माझ्या मानेत तोंड खुपसून बसायचा. एकदा म्हणाला, “आपल्या घरातलं एक माणूस कमी झालं गं, बुगडे. आन् म्या त्येचं तोंड बी बघितलं न्हाय.” माझ्या मानेवरचे केस ओले झाले होते.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी करिश्मा येऊन बसली. “ह्यांनी एक शबुद काढला न्हाय,” ती मला म्हणाली. “ह्यांना कायबी वाटलं न्हाय वाटतं.”

मी ओरडले. जिवाच्या आकांतानं ओरडले, की अगं, काल इथंच बसून रडला तो, तुझा हात आहे त्याच जागी. तिला वाटलं मला भूक लागली. तिनं मला मूठभर तुरीचं भुसकट घातलं.

थंडी पडली आणि मी व्याले. एक करडू माझ्यासारखं काळं, दुसऱ्याच्या कपाळावर पांढरा टिळा. करिश्मानंच त्यांना पोत्यानं पुसलं, त्यांच्या नाकातला चिकटा काढला. टिळेवाल्यानं तिचं बोट तोंडात धरलं आणि चोखायला लागलं. तशी ती रडायला लागली. पण ते रडणं निराळं होतं. ती मला म्हणाली, “किती दिसांनी हाताला ऊब लागली बघ. आज जरा बरं वाटतंय.”

शेडाच्या तोंडाशी समर्थ उभा होता. त्याला तिची पाठ दिसली आणि हलणारे खांदे दिसले. ती काय म्हणाली, ते त्याला ऐकू गेलं नाही. तो तसाच पाऊल न वाजवता फिरला आणि शेरडं घेऊन माळावर गेला.

दुपारी शेजारच्या गिरिजाबाई करडं बघायला आल्या. बानूबाईंना हळू आवाजात म्हणाल्या, “सुनंला चार दिस हिकडं फिरकू दिऊ नगं. तिची कूस रिती झालीया. कवळ्या करडांवर तिची सावली पडाया नगं.”

बानूबाईंनी त्यांना झटकून लावलं. “जा गं, कायतरीच बोलू नगं. तिनंच पाजून जगिवलीया ही शेळी.” पण भिंतीपलीकडं करिश्मा भांडी घासत होती, आणि भांड्यांचा आवाज मधेच थांबला होता.

संध्याकाळी समर्थ माळावरून आला. कुणाला काही न विचारता त्यानं दोन्ही करडं झोळीत घातली, माझं दावं सोडलं आणि मला शेतातल्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, नेऊन बांधलं. करिश्मा दारात उभी होती. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं, तर कदाचित पुढचं काहीच घडलं नसतं.

कोपीत त्यानं मला कडबा टाकला आणि म्हणाला, “तिला बघवंना गं. सकाळी कशी रडत व्हती. रोज डोळ्यांम्होरं करडं नाचली तर तिच्या जिवाला घोर लागंल. जरा मोठी होस्तोवर तू हितंच ऱ्हा.”

त्याच्या परीनं त्यानं मायाच केली होती.

दोन-चार दिवसांनी दुपारी करिश्मा भाकरी घेऊन शेतात आली. तो विहिरीकडं गेला होता. ती कोपीच्या दाराशीच थांबली. टिळेवालं करडू उड्या मारत तिच्याकडं गेलं, तशी ती दोन पावलं मागं सरली आणि हात पदरात लपवले.

“गिरिजाबाईचं म्या मनाला लावून घेतलं नव्हतं, बुगडे,” ती म्हणाली. “लोकं बोलत्यात. पर तुझ्या मालकानं बी त्येच केलं. माझी सावली नगं म्हणून तुला हितं आणलं.”

त्या वेळी मला माझ्या मुकेपणाची जेवढी लाज वाटली, तेवढी कधी वाटली नाही. दोन्ही बाजूंचं खरं माझ्या एकटीच्या पोटात होतं. मी दावं ताणलं, खुंटा हलवला, ओरडून घसा बसवला. तिनं भाकरी वळचणीला टांगली आणि ती निघून गेली.

संक्रांतीला ती माहेरी गेली. त्या दिवसांत आमचा खंडोबाही नळदुर्गालाच असतो. दरसाल हिवाळ्यात तो तिकडं जातो आणि यात्रा झाली की अणदूरला येतो. बानूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगायच्या, “देव बी तिकडं, सून बी तिकडं. दोघं संगंच येत्याल.”

देव आला. करिश्मा आली नाही.

समर्थ कोपीवरून तिला फोन लावायचा. जेवलीस का, विचारायचा. हो म्हणायची. थंडी आहे का, विचारायचा. आहे म्हणायची. मग दोघंही गप्प, नुसता वाऱ्याचा आवाज. एकदा त्याला काही सुचेना, तेव्हा त्यानं फोन माझ्या तोंडाशी धरला आणि लांबून म्हणाला, “बुगडी तुझी लई याद काढतीया.” मी ओरडले, माझी करडंही ओरडली. तिकडून फोन बंद झाला. तो कितीतरी वेळ त्या फोनकडं बघत बसला.

मग एक दिवस वीरप्पांचा गोरोबांना फोन आला. आमची लेक आम्हाला जड नाही, म्हणाले. तिच्या सामानाला टेम्पो पाठवतो, शेळीही त्यातच चढवा. कारण विचारलं तर म्हणाले, तुमच्या पोराला विचारा. गोरोबांनी समर्थला विचारलं. समर्थनं नुसती मान हलवली. त्याला खरंच काही माहीत नव्हतं. पण तेवढं त्याला कळलं, की आता टेम्पो आला तर त्यातून कपाटच नाही, त्याचा संसार जाणार.

दुसऱ्या दिवशी त्यानं धुतलेला सदरा घातला, कोपीवर येऊन करडं झोळीत घेतली, माझं दावं धरलं आणि आम्ही घरावरून निघालो. गोरोबा बाजेवरून म्हणाले, “आरं, बायकू आणाया चाललास का बाजाराला?”

“बुगडी संगं आसली की बरं आसतं, आबा,” तो म्हणाला.

हायवेच्या कडेनं आम्ही चालत निघालो. ट्रक गेला की मी अंग चोरायची आणि तो माझ्या रस्त्याकडच्या बाजूला यायचा. वाटभर त्यानं मला भाषण म्हणून दाखवलं. माझं काय चुकलं ते सांग, इथून सुरू करायचं ठरलं. मग ते खोडलं. तुझ्यावाचून घर खायला उठतं, हे सुरुवातीला घेतलं. मग तेही खोडलं. नळदुर्गचा किल्ला दिसायला लागला तेव्हा त्याच्याकडं एकही वाक्य शिल्लक नव्हतं.

वीरप्पा अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी पाणी दिलं, पण बस म्हणाले नाहीत. “जावई आलाय म्हणावं का शेरडं राखणारा?” एवढंच बोलले. करिश्मा दारात येऊन उभी राहिली. वाळली होती.

समर्थनं अंगठ्यानं माती उकरली. मग त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, “बुगडे, तिला इचार, का आली न्हाय म्हणून.”

“तिला कशाला इचारतासा?” करिश्मा म्हणाली. “तिला सगळं म्हाईत हाय. तुमाला काय म्हाईत हाय, त्ये सांगा.”

  त्याच्या गळ्यातल्या झोळीत करडं वळवळत होती. त्यानं वाकून त्यांना खाली सोडलं. टिळेवालं थेट तिच्याकडं धावलं. तशी ती मागं सरली, हात पदरात घेतले.

“लांब धरा त्येला. माझी सावली पडंल.”

समर्थनं पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडं सरळ बघितलं. “कुणी म्हणलं आसं?”

“गिरिजाबाईनं तोंडानं म्हणलं. तुमी करून दावलं. त्याच दिशी शेळी हलवली न्हवं?”

तो खाली बसला, तिथंच मातीत. त्याचा हात माझ्या पाठीवरून कधी निघाला, त्यालाही कळलं नसावं.

“गिरिजाबाईचं मला ठावं न्हाय. म्या माळावर व्हतो,” तो म्हणाला. शब्द एकेक करून येत होते. “तू सकाळी करडं पुसताना रडत व्हतीस. म्या बघितलं. मला वाटलं, तुला आपला ल्योक आठवला. का लेक, कोण जाणं. मला तर रोज आठवतंय. म्हणून म्हणलं, तुझ्या डोळ्यांम्होरं नगंत ही.”

 घरच्यांपैकी त्या बाळाबद्दल पहिल्यांदा कुणीतरी, कुठलाही मोहर-बिहर मधे न आणता, बोललं होतं.

“तुमी तर एकदा बी नाव काढलं न्हाय त्येचं,” करिश्मा म्हणाली. 

“बुगडीपाशी काढलं.”

“म्या बी बुगडीपाशीच काढलं.” ती उंबऱ्यावर बसली. “मला बरं वाटायलं व्हतं हो त्या दिशी. करडं हातात घेतली आन् बरं वाटायलं व्हतं. म्हणून रडत व्हते.”

वीरप्पा उठले. त्यांनी माझं दावं हातात घेतलं आणि मला ओढतच गोठ्याकडं नेलं. जाता जाता मान न वळवता म्हणाले, “जावईबापूंना बसाया घोंगडं टाक, पोरी.” मला मागं वळून बघायचं होतं, पण शेळीचं कोण ऐकतं. लांबून फक्त बोलण्याचा आवाज येत राहिला. कधी तिचा, कधी त्याचा, आणि मधेच दोघांचा एकदम. मी मधे नसताना त्यांचं एवढं लांबलेलं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होते. खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं.

आता आम्ही सगळे पुन्हा अणदूरला आहोत. शेडात माझी जागा तीच आहे. माझी करडं माझ्या खांद्याला आली. गिरिजाबाई येतात, बसतात, करिश्माच त्यांना चहा देते. समर्थ काही बोलका झालेला नाही. अजूनही त्याला एक वाक्य जुळवायला वेळ लागतो, अजूनही ती आधीच रागावून बसते, आणि मग दोघांनाही माघारी यावं लागतं. पण येतात.

माझी एवढीच विनंती आहे. मुक्या जिवापाशी खुशाल मन हलकं करा. आम्ही कुणाला सांगत नाही. पण आम्ही कुणाला सांगत नाही, हे विसरू नका. जे माणसाला सांगायचं, ते माणसालाच सांगा. उशिरा सांगा, चुकत सांगा, पण त्याच्या तोंडाकडं बघून सांगा.

आता जाता जाता त्या भेटीच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं तेवढं सांगते. वीरप्पांच्या अंगणात ऊन आलं होतं. वीरप्पा, त्यांची बायको, शेजारचे दोघं-तिघं चहाला बसले होते. मी बाहेर खुंट्याला होते. समर्थ गोठ्यातून टिळेवालं करडू घेऊन आला. त्याची वाट माझ्या पुढूनच होती. मी सवयीनं कान टवकारले, मान पुढं केली. तो माझ्याजवळून गेला, थांबला नाही. सगळ्यांच्या देखत अंगणातल्या चुलीपाशी गेला, करडू करिश्माच्या मांडीवर ठेवलं आणि तिच्या शेजारी बसला. कान लाल झाले होते. शेजारचा एक जण हसलाही.

“करिश्मा,” तो म्हणाला, “रातच्याला झोप लागली का तुला?”